इंजिनाच्या श्वासांत पाण्याचा शिडकावा

अग्नि आणि जल यांचें वैर प्रसिद्ध आहे. पेटलेल्या घरावर आपण पाणी ओततों, आणि चूल पेटवावयाची असेल तर ओलें सरपण दूर सारतों. असें असतां ज्या यंत्राचा सारा प्राण अग्नींत आहे, त्या मोटारीच्या इंजिनांत मुद्दाम पाणी फवारलें म्हणजे त्याचा जोर वाढतो, असें कोणी सांगूं लागला तर तें वदतोव्याघाताचें उदाहरण वाटावें. गेल्या दिवाळीच्या सुटींत मलाही तसेंच वाटलें होतें.

प्रसंग असा घडला. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा चि. ओंकार यानें टर्बोचार्जर बसविलेली एक वापरलेली पेट्रोल-मोटार विकत घेतली आहे. कागदोपत्रीं ती त्याची असली, तरी एकत्र कुटुंबांत एकाची वस्तु ती सर्वांची. मुलें तिच्यांतूनच शाळेंत जातात, पाहुणे स्टेशनावरून तिच्यांतूनच येतात, आणि आमच्या वृद्ध मातोश्रींना दर महिन्याला डॉक्टरांकडे तिच्यांतूनच न्यावें लागतें. एके दिवशीं फराळ आटोपल्यावर त्यानें माझ्यापुढें एका सामानाचें चित्र ठेवलें. त्यांत एक छोटी टांकी, एक पंप, थोड्या नळ्या आणि एक तोटी होती. पाणी व मिथेनॉल यांचें निम्मेंनिम मिश्रण इंजिनांत जाणाऱ्या हवेंत फवारावयाचें, कीं मोटारीच्या अंगीं नवें बळ येतें, असें त्यानें सांगितलें.

"आप्पा, खर्च माझा मी करीन. तुमची परवानगी तेवढी हवी," तो म्हणाला.

त्याची आई दारांत उभी होती. ती म्हणाली, "आधींच ती गाडी वाऱ्यासारखी पळते. तिला आणखी कशाला पाजायचें आहे?"

मीं उभयतांनाही लगेच उत्तर दिलें नाहीं. जें आपल्याला समजलें नाहीं त्याला होकार देणें जसें चूक, तसाच नकार देणेंही चूक, असें मीं वर्गांत चाळीस वर्षें सांगत आलों आहें. म्हणून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली व जें मिळेल तें वाचून काढलें. घरोघरीं आज असे हौशी तरुण आहेत आणि त्यांना उत्तर देण्याची पाळी वडीलधाऱ्यांवर येते. यास्तव त्या वाचनाचें सार वाचकांपुढें ठेवीत आहें.

मोटारीचें इंजिन पेट्रोल पितें हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याहून किती तरी अधिक हवा तें ओढून घेतें, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा लागते. तेव्हां इंजिनाचा जोर वाढवावयाचा म्हणजे मुख्यतः त्याचा श्वास मोठा करावयाचा. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियरानें १९०५ सालीं यासाठीं एका युक्तीचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर पुष्कळ शक्ति वायां जाते. त्या वायूंच्या झोतानें एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबावी, अशी ती कल्पना होती. आजचा टर्बोचार्जर याच तत्त्वावर चालतो. त्याच्या योगानें लहान इंजिन मोठ्या इंजिनाचें काम करतें.

परंतु हवा दाबली कीं ती तापते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला चटका देतें, हा अनुभव प्रत्येकानें बालपणीं घेतला असेल. टर्बोचार्जरांतही तेंच घडतें. बाहेर ३० अंश सेल्सियस तापमानाची हवा असली आणि तिचा दाब दुप्पट केला, तर आदर्श गणितानें ती ९६ अंशांपर्यंत तापते. प्रत्यक्ष चक्र इतकें निर्दोष नसतें. त्याची कार्यक्षमता शेंकडा ७० धरली, तर तापमान सव्वाशे अंशांच्या जवळ जातें. म्हणून बहुतेक मोटारींत या हवेला वाटेंत थंड करणारी जाळी बसविलेली असते. तिला इंटरकूलर म्हणतात. बाहेरचा वारा त्या जाळीवरून वाहतो व आंतली हवा निवते. पण वैशाखाच्या उन्हांत किंवा घाटाच्या चढणीवर त्या जाळीलाही मर्यादा पडते.

तापलेल्या हवेचे दोष दोन. एक तर ती विरळ होते, म्हणजे श्वास मोठा करण्याचा हेतु अंशतः फसतो. दुसरा दोष अधिक घातक आहे. सिलिंडरांत ठिणगी पडली म्हणजे ज्वाला ठिणगीपासून कडेपर्यंत क्रमानें पसरत जावी, अशी योजना असते. वाळलेल्या गवताच्या कुरणांत एका जागीं काडी टाकली म्हणजे आग जशी कडेकडे सरकत जाते, तसेंच हें आहे. पण सिलिंडरांतील दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेलीं, तर ज्वाला पोंचण्यापूर्वींच कडेचें उरलेलें मिश्रण आपोआप एकदम पेट घेतें. मग धातूवर हातोडी मारल्यासारखा किणकिणाट ऐकूं येतो. कारागीर याला 'नॉकिंग' म्हणतात. इंग्लंडमधील सर हॅरी रिकार्डो यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या विकाराचा मूलभूत अभ्यास केला. सौम्य नॉकिंग इंजिन सोसतें. पण तें पूर्ण जोरांत असतांना तीव्र नॉकिंग झालें, तर दट्ट्याला थोड्या क्षणांत तडा जातो किंवा भोंक पडतें.

आजच्या मोटारींत हा किणकिणाट ऐकण्यासाठीं इंजिनाला एक कान बसविलेला असतो. त्यानें इशारा दिला कीं मोटारींतील संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो, हवेचा दाब कमी करतो, किंवा गरजेहून अधिक पेट्रोल आंत सोडतो. हें अधिकाचें पेट्रोल जळण्यासाठीं नसतेंच. त्याची वाफ होतांना आंत थोडा गारवा यावा, एवढाच त्याचा उपयोग. तुपानें अंगण सारवावें, तसाच हा प्रकार. येथेंच पाण्याची आठवण होते.

माठांतलें पाणी गार कां राहतें, हें आपल्याकडे शाळेंतलें पोरही सांगेल. माठाला पाझर फुटतो, त्या पाझराची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठीं लागणारी उष्णता ती माठांतल्या पाण्यांतून ओढून घेते. वाळ्याच्या ओल्या पडद्याची थंडाईही त्याच नियमाची. एक ग्रॅम पाण्याची त्याच्या उत्कलनबिंदूवर वाफ व्हावयास सुमारें ५४० कॅलरी उष्णता लागते. तितक्याच मिथेनॉलाला सुमारें २६०, आणि पेट्रोलाला जेमतेम ८५. म्हणजे गारव्यासाठीं जें काम आपण पेट्रोलाकडून करून घेतों, तें पाणी सहापट करूं शकतें.

आतां थोडें गणित करूं. एक किलो हवेचें तापमान एक अंशानें उतरविण्यास तिच्यांतून सुमारें २४० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. त्या हवेंत १० ग्रॅम पाणी फवारलें व त्याची पूर्ण वाफ झाली, तर ५,४०० कॅलरी शोषल्या जातात. म्हणजे हवा साडेबावीस अंशांनीं निवते. दहा ग्रॅम म्हणजे दोन चहाचे चमचे! प्रत्यक्षांत सर्व थेंबांची वाफ वाटेंतच होत नाहीं. कांहीं थेंब सिलिंडरांत शिरून तेथें दाबाखालीं वाफ होतात, आणि तेथें तर गारव्याची गरज सर्वांत अधिक असते. मात्र थेंब अतिशय सूक्ष्म असले पाहिजेत. म्हणून पंपानें दहा-पंधरा वातावरणांचा दाब देऊन बारीक तोटींतून धुकें उडवावें लागतें. पेट्रोलाच्या वजनाच्या साधारण शेंकडा १० ते २५ एवढें हें मिश्रण सोडतात. त्याहून फार वाढविलें तर मूळचें वैर जागें होतें व ज्वाला विझूं लागते.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. पाण्यांतील हायड्रोजन जळून हा जोर मिळतो, असें कांहीं लोक सांगतात. तें खरें नाहीं. पाणी जळत नाहीं आणि स्वतः कांहींही शक्ति देत नाहीं. तें फक्त नॉकिंगचें भय दूर करतें. भय गेलें कीं ठिणगी योग्य वेळीं पाडतां येते आणि हवेचा दाब वाढवितां येतो. जोर येतो तो त्या वाढलेल्या हवेंतून आणि पेट्रोलांतून. पाणी हें येथें पहारेकऱ्यासारखें आहे. तो स्वतः कांहीं कमावीत नाहीं. पण तो आहे या भरंवशावर घरधनी तिजोरी उघडी टाकतो. ही उपमा वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढील सारा विचार तिच्यावर आधारलेला आहे.

मग पाण्यांत मिथेनॉल कशाला? सांख्यांनीं प्रकृति-पुरुषांचा संबंध सांगतांना अंधपंगुन्याय योजिला आहे. आंधळ्याला पाय असतात, पांगळ्याला डोळे असतात. दोघे मिळून वाट चालतात. येथेंही तसेंच आहे. पाणी उत्तम निववितें पण जळत नाहीं. मिथेनॉल त्याच्या निम्म्यानेंच निववितें, पण तें स्वतः इंधन आहे व नॉकिंगला पेट्रोलाहून अधिक दाद देत नाहीं. शिवाय शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतें, तर मिथेनॉल उणें ९७ अंशांपर्यंत द्रव राहतें. त्यामुळें शीत देशांत टांकींतील मिश्रण गोठत नाहीं. आपल्या पुण्यासाताऱ्याकडे या शेवटच्या गुणाचा उपयोग शून्य आहे, हें जातां जातां नमूद करतों.

ही युक्ति नवी नाहीं. हंगेरींतील बांकी डोनाट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच इंजिनांत पाणी फवारण्याचे प्रयोग केले होते. तिचा मोठा उपयोग झाला तो दुसऱ्या महायुद्धांत. जर्मन लढाऊ विमानांसाठीं 'एम. डब्ल्यू. ५०' नांवाचें मिश्रण होतें. त्यांत निम्में मिथेनॉल, जवळजवळ निम्में पाणी आणि गंज रोखणारें किंचित् तेल असे. अमेरिकेच्या 'थंडरबोल्ट' विमानाचें दोन हजार अश्वशक्तीचें इंजिन पाण्याच्या फवाऱ्यानें सुमारें २,३०० अश्वशक्तीपर्यंत चढे. परंतु ही सोय आणीबाणीची होती. जर्मन वैमानिकाला एका वेळीं दहा मिनिटांहून अधिक काळ ती वापरण्याची मुभा नव्हती. शिवाय विमान उतरलें कीं प्रत्येक वेळीं टांकी तपासणारा व भरणारा माणूस तळावर हजर असे.

हीच युक्ति घरगुती मोटारींत आली तेव्हां काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील ओल्ड्समोबिल कंपनीनें १९६२ सालीं 'जेटफायर' नांवाची मोटार बाजारांत आणली. टर्बोचार्जरासह विकल्या गेलेल्या जगांतल्या पहिल्या दोन प्रवासी मोटारींपैकीं ही एक होय. साडेतीन लिटरच्या इंजिनापासून तिनें २१५ अश्वशक्ति मिळविली होती. इंजिनाचें संपीडन मूळचेंच फार, १०.२५ पट, त्यावर टर्बोचार्जराचा दाब. नॉकिंग टाळण्यासाठीं पाणी व मिथेनॉल यांचें मिश्रण एका वेगळ्या टांकींत भरावें लागे. त्याला 'टर्बो-रॉकेट फ्लुइड' असें भारदस्त नांव होतें. इंजिनियर मंडळी दूरदृष्टीची होती. टांकी रिकामी झाली तर हवेचा दाब आपोआप मर्यादित करणारी झडप त्यांनीं बसविली होती, व चालकापुढें सूचनाही दिसे. त्यामुळें टांकी रिकामी म्हणून इंजिन फुटत नसे. मोटार फक्त मंद होई.

आणि येथेंच मनुष्यस्वभाव आडवा आला. लोक पेट्रोल भरीत, पण ती दुसरी टांकी भरावयाचें विसरत. मग मोटारींत दम नाहीं म्हणून विक्रेत्याकडे तक्रार घेऊन जात. दोन वर्षांत ९,६०७ मोटारी निघाल्या आणि १९६३ नंतर हा प्रकार बंद पडला. पुढें कंपनीनेंच कित्येक मालकांच्या मोटारींतून टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. शास्त्र चुकलें नव्हतें, आणि रक्षणाची योजनाही चुकली नव्हती. चुकला तो एकच अंदाज: हौसेनें मोटार घेणारा माणूस ती टांकी न विसरतां भरीत राहील, हा.

पुढें शर्यतीच्या मोटारींत १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत या युक्तीनें पुन्हा डोकें वर काढलें. अलीकडचें ठळक उदाहरण म्हणजे बी. एम. डब्ल्यू. कंपनीची २०१६ सालची 'एम ४ जी. टी. एस.'. साध्या 'एम ४'चें इंजिन ४३१ अश्वशक्तीचें असतां हिचें ५०० अश्वशक्तीपर्यंत नेलें, तें मुख्यत्वें पाण्याच्या फवाऱ्याच्या आधारानें. मात्र या मोटारींत मिथेनॉल नाहीं. मागील सामानाच्या कप्प्यांत पांच लिटरची टांकी असून तिच्यांत फक्त ऊर्ध्वपातित पाणी भरावयाचें. इंजिन बंद केलें कीं नळ्यांतील पाणी परत टांकींत जातें, म्हणजे गोठण्याचें भय नाहीं. आणि पाणी संपलें, तर संगणक दाब व ठिणगीची वेळ स्वतःच मागें घेतो. चोपन्न वर्षांपूर्वीची ती झडपच येथें अधिक हुशार होऊन आली आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. चि. ओंकारनें आणलेल्या चित्रांतील सामानांत टांकी होती, पंप होता, तोटी होती. टांकींत मिश्रण उरलें आहे कीं नाहीं हें इंजिनाच्या संगणकाला कळविणारी योजना मात्र नव्हती. ती वेगळी घ्यावी लागते, व तिच्यामुळें खर्च वाढतो. फवाऱ्याच्या भरंवशावर एकदां ठिणगीची वेळ आणि हवेचा दाब वाढवून ठेवला, आणि घाटांत टांकी कोरडी पडली, किंवा नळाच्या पाण्यांतील क्षारानें तोटी बुजली, तर काय होईल? तिजोरी उघडी आहे आणि पहारेकरी निघून गेला आहे! इंजिनाचा कान सावध असतो हें खरें, पण मूळ मर्यादा ओलांडून ठेवल्यावर त्याचा इशारा वेळेवर पुरेलच, असें नाहीं. ओंकार एकटा असेल तर मोटार बंद पडल्याचें दुःख त्याचें त्याला. आमच्या मातोश्री मागें बसलेल्या असतील तर?

दुसरी गोष्ट मिथेनॉलाची. हा मद्यार्काचा भाऊबंद दिसावयास पाण्यासारखाच निर्मळ, पण पोटांत गेला तर शरीर त्याचें फॉर्मिक आम्ल बनवितें. त्यानें दृष्टि जाते व प्राणही जातो. मुंबईंत मालाडच्या मालवणी भागांत २०१५ सालच्या जूनमध्यें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तें विष मिथेनॉलाचेंच होतें. तें त्वचेंतूनही शरीरांत शिरतें. आपल्या हवेंत त्याची वाफ सहज पेट घेते, आणि दिवसा त्याची ज्वाला डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीं. ज्या घरांत पांच मुलें बागडतात आणि पाण्याच्या जुन्या बाटल्यांत फिनाइलपासून तेलापर्यंत सर्व कांहीं भरून ठेवण्याची संवय आहे, त्या घरांत या द्रवाचा डबा कोणत्या फळीवर ठेवावा? मला तरी अशी फळी सांपडली नाहीं.

तिसरी गोष्ट कायद्याची. निर्मात्याच्या मूळ वर्णनाशीं व नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई केली आहे. बदल करण्यापूर्वीं या कलमाचा विचार आणि विमा कंपनीला लेखी विचारणा, या दोन्ही गोष्टी अवश्य केल्या पाहिजेत.

पंधरा दिवसांनीं हें सर्व मीं ओंकारला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "आप्पा, नुसतें पाणी वापरीन, मिथेनॉल घरांत आणणार नाहीं. सूचना देणारी योजनाही बसवीन. संगणकाचें गणित वाढविणार नाहीं. उन्हाळ्यांत आहे तो जोर टिकला तरी पुरे. मग तर हरकत नाहीं?"

प्रश्न सरळ होता, आणि खरें सांगतों, त्यांत मला दोष काढतां येईना. गणित वाढविलें नाहीं तर पाणी संपल्यानें मोटार पूर्वीसारखी होईल, एवढेंच. मी म्हणालों, "ठीक आहे. पण त्याआधीं एकदां खालीं चल."

अंगणांत जाऊन मीं त्याला मोटारीचें झांकण उघडावयास लावलें. समोरच्या कांचेवर पाणी उडविण्यासाठीं प्रत्येक मोटारींत एक लहानशी टांकी असते. ती टांकी ठणठणीत कोरडी होती. तळाशीं वाळलेली माती होती. म्हणजे कांहीं महिने तरी तिच्यांत थेंब पडला नसावा. मी एक शब्दही बोललों नाहीं. ओंकारनें माझ्याकडे पाहिलें, हंसला, आणि तांब्या आणावयास आंत गेला.

परवानगीचा निर्णय आम्हीं गुढीपाडव्यापर्यंत लांबणीवर टाकला आहे. तोंवर दर रविवारीं सकाळीं त्यानें ती टांकी, इंजिनाचें तेल आणि चाकांतील हवा तपासून एका वहींत नोंद करावी, असें ठरलें आहे. वही माझ्या टेबलावर असते. हा लेख लिहून होईपर्यंत सहा रविवार झाले. पांच नोंदी व्यवस्थित आहेत. चौथ्या रविवारचा रकाना मात्र कोरा आहे.